डोंगरी सायकल शर्यत : साधनांची निवड आणि निगा (पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा)

डांबरी रस्ता सोडून मुरूम, दगडगोटे, चिखल आणि पायवाटा यांवरून, रुंद व गुट्ट्यांच्या टायरच्या सायकलीने धावायची शर्यत. बोलण्यात हिला आणि तिच्या सायकलीलाही ‘एमटीबी’ म्हणतात. चढ-उताराच्या फेऱ्यांची क्रॉस-कंट्री, निव्वळ उताराची डाउनहिल आणि अनेक दिवस चालणारी लांब पल्ल्याची शर्यत हे तिचे मुख्य प्रकार. अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये अमेरिकेतील डुरँगो येथे सुरू झाली, तर १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्रीला स्थान मिळाले. भारतात हा खेळ आधी हिमाचल प्रदेशात रुजला. २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळातील पोनमुडी येथे झाली. महाराष्ट्रातून संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने राष्ट्रीय पातळीवर नाव केले आहे. या नोंदीत मात्र खेळाचा सगळा पट मांडलेला नाही. संत तुकाराम नगरसारख्या कामगारवस्तीत राहणाऱ्या, एकाच सायकलीवर आठवडाभर कामावर जाणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी तीच डोंगरावर नेणाऱ्या स्वाराने साधने कोणत्या कसोटीवर निवडावीत, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ती कसोटी वजनाची नाही, किमतीची नाही आणि सस्पेन्शनच्या लांबीचीही नाही. जो भाग आपल्या मातीत टिकतो आणि आपल्या पट्ट्यात दुरुस्त होतो, तोच चांगला भाग.

संत तुकाराम नगर ही पिंपरीतील जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतची वसाहत. यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आणि ६ मार्च २०२२ पासून सुरू झालेले मेट्रो स्थानक या तिच्या आजच्या खुणा. ज्यांच्या नावाने ती वसली त्या तुकाराम महाराजांशी परंपरेने जोडलेले तीनही डोंगर, म्हणजे घोरावडेश्वर, भंडारा आणि भामचंद्र, येथून सायकलीच्या टप्प्यात आहेत. भामचंद्र तर चाकणच्या कारखान्यांना जवळजवळ खेटून उभा आहे. हे डोंगर मुख्यतः भाविकांचे आहेत. तेथील पायऱ्यांवरून आणि गर्दीच्या वाटांवरून सायकल दामटण्याचा हक्क कोणालाही नाही, हे जाताजाता सांगितलेले बरे. पण भोवतालच्या गाडीवाटा आणि माळ हे सरावाचे उत्तम मैदान आहे, आणि तेथली जमीनच साधनांची खरी परीक्षा घेते. दख्खनचा काळा बेसाल्ट फुटून झालेला मुरूम धारदार असतो आणि कोरड्या उतारावर चाकाखालून निसटतो. पडीक माळावर बाभूळ, वेडी बाभूळ, बोर आणि जमिनीलगत सराटे. पावसाळ्यात सखल भागातील काळी माती टायरला थर चढवत जाते आणि शेवटी फोर्कच्या कमानीत ठासून चाकच अडवते. उन्हाळ्यात पिठासारखी धूळ असते ती वेगळीच. युरोपातील ओलसर जंगलवाटांसाठी लिहिलेले सल्ले येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

निगा हा शर्यतीनंतरचा विषय आहे, अशी समजूत असते. या खेळाचा इतिहास तिला दुजोरा देत नाही. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली उतारावरून पहिल्यांदा घड्याळ लावून सोडल्या. उलटा पाय मारून लागणारा त्यांचा हबमधला ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. ती वाट त्या ग्रीसिंगच्या कामावरूनच ‘रिपॅक’ म्हणून ओळखली गेली. त्यातूनच पुढे चांगले ब्रेक, गिअर आणि मजबूत फ्रेम आल्या. खेळाची साधने दुरुस्तीच्या त्रासातून घडली. अलीकडचे दाखलेही हेच सांगतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरचा तेव्हाचा जगज्जेता पीटर सगान मागच्या रांगेतून सुटून पहिल्याच फेरीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत आला. मग टायर पंक्चर होत गेले आणि तो पस्तिसावा आला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टॉम पिडकॉकचे पुढचे चाक पंक्चर झाले. चाक बदलण्यात अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ जाऊनही त्याने सुवर्ण जिंकले, हे खरे. पण मदतीचा ठरावीक टप्पा गाठेपर्यंत त्याला तशाच चाकावर सायकल हाकावी लागली आणि असे पुनरागमन शंभरातून एखाद्याला जमते. रस्त्यावरच्या शर्यतीत, मग ती बोरघाटात ‘घाटाचा राजा’ ठरवणारी जुनी मुंबई-पुणे असो किंवा जानेवारी २०२६ मधील पुणे ग्रँड टूर, मागून गाडी येते आणि सुटे चाक हाती मिळते. डोंगरात मागून कोणी येत नाही.

म्हणून खर्चाचा पहिला मान टायरचा. साध्या ट्यूबच्या चाकात दगडाच्या कडेवर ट्यूब रिमला चिमटून फाटू नये म्हणून हवा जास्त भरावी लागते, आणि हवा जास्त की मुरमावर पकड कमी. ट्यूबलेस टायरमध्ये रबरी चिकाचे सीलंट असते. सराट्याचे भोक ते जागच्या जागी बुजवते आणि स्वाराच्या वजनाप्रमाणे २० ते २५ पीएसआयवरही चाक चालते. येथे मात्र निगेचा कर लागतो. हा चीक आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत आटतो, आणि आटलेल्या सीलंटचा ट्यूबलेस टायर हा ट्यूबवाल्यापेक्षाही भरवशाचा नाही. ज्याला दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून आतले सीलंट तपासायचा कंटाळा आहे, त्याने ट्यूबच वापरावी. त्यातही एक काम चुकवू नये. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून चिंधी फिरवावी. बाभळीच्या काट्याचे टोक बाहेरून मोडते आणि आत तांदळाच्या कणीएवढे शिल्लक राहते. ते बोटाला लागत नाही, पण चिंधी त्यात अडकते. नवी ट्यूब दहा मिनिटांत पुन्हा बसते ती बहुधा त्या टोकामुळे, आणि बिचाऱ्या पंक्चरवाल्याला मात्र शिव्या बसतात. पावसाळ्यात रुंद टायरचा सोस आवरावा. काळ्या मातीत थोडा अरुंद, गुट्ट्या लांबलांब असलेला टायर चिखल फेकतो आणि फोर्कमध्ये जागा मोकळी ठेवतो.

दुसरा भाग चेनचा, आणि तो तपासायला महागडे हत्यार लागत नाही. चेनच्या दोन लगतच्या पिनांमधले अंतर अर्धा इंच असते. कोणत्याही फिटरकडे असणारी बारा इंची स्टीलची पट्टी ताणलेल्या चेनवर धरावी आणि शून्याची रेघ एका पिनेच्या बरोबर मध्यावर आणावी. चोविसावी पिन बारा इंचांच्या रेघेवर यायला हवी. ती अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेली असेल तर चेन अर्धा टक्का झिजली. अकरा-बारा गिअरच्या कॅसेटवर ही चेन बदलण्याची वेळ. दहा किंवा कमी गिअर असतील तर पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येते. त्यापुढे ओढलेली चेन कॅसेटचे दात आपल्या मापाने कुरतडते आणि मग नवी चेन त्यावर उड्या मारते. चेन स्वस्त आहे, कॅसेट महाग आहे, एवढा हिशेब पुरे. वंगणाच्या बाबतीत कारखान्यातले गिअर ऑइल किंवा गाडीचे इंजिन ऑइल चेनवर ओतण्याची सवय सार्वत्रिक आहे आणि ती घातक आहे. जाड तेलाला मुरमाची धूळ चिकटते आणि तिची पॉलिश पेस्ट होते. रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून, पातळ वंगणाचा एकेक थेंब प्रत्येक रोलरवर सोडावा आणि बाहेरचे पुसून काढावे. वंगण आत हवे, बाहेर नको. चिखलाने माखलेली सायकल मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशरच्या फवाऱ्याखाली धरणे हा दुसरा लोकप्रिय अपराध. तो फवारा हबच्या आणि हेडसेटच्या सीलमधून पाणी आत ढकलतो, आणि मग बाहेरून चकचकीत असलेली सायकल आठवडाभरात कुरकुरू लागते.

आता या पट्ट्याचे खास बळ. दुचाकींच्या या गावात मोटारसायकलचे सुटे भाग विकणारे दुकान कोपऱ्याकोपऱ्यावर आहे, आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक निवडताना याचा उपयोग करून घेता येतो. काही ब्रेकना मिनरल ऑइल लागते, काहींना डॉट प्रतीचे द्रव. मिनरल ऑइल सायकलच्या मोठ्या दुकानाबाहेर सहसा मिळत नाही, तर डॉट ४ ची बाटली कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळते. डॉट द्रव हवेतील ओलावा शोषते, म्हणून पावसाळा संपला की ते बदलावे. मिनरल ऑइलला हा दोष नाही, पण त्या ब्रेकमध्ये चुकूनही डॉट घातले तर आतले रबर फुगून ब्रेक जातो. दोन्ही चांगले. ज्याचे द्रव आपण वेळेवर बदलू तो अधिक चांगला. बेअरिंगचेही तसेच. ज्या हबमध्ये प्रमाणित क्रमांकाची कार्ट्रिज बेअरिंग असतात, उदाहरणार्थ ६९०२, म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८ आणि जाडी ७ मिलिमीटर, त्यांच्यासाठी सायकल कंपनीच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे, भोसरीत बेअरिंगचे व्यापारी आहेत. क्रमांक सांगितला की माल काउंटरवर येतो. पॅडलच्या मधल्या धुऱ्यासाठीही आट्याचा बॉटम ब्रॅकेट घ्यावा, दाबून बसवायचा नको. आट्याचा खोलताना फक्त एवढे ध्यानात ठेवावे की चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो. त्याच्यावर जोर लावून आटे मारून ठेवलेल्या फ्रेम सुधारताना टर्नरच्या नाकी नऊ येतात.

सस्पेन्शनवर सर्वांत जास्त पैसे आणि सर्वांत जास्त गैरसमज खर्च होतात. पुढे-मागे स्प्रिंग असलेली स्वस्त ‘डबल सस्पेन्शन’ सायकल डोंगरासाठी घेतली जाते, पण तिच्या मागच्या सांध्यात साध्या बुशी असतात, फ्रेम जड असते आणि पायाचा बराच जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. त्याच पैशात पुढे बरा एअर फोर्क असलेली, मागे ताठ फ्रेमची सायकल येते. येथे एक सबळ आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव कुल्हावी याने २९ इंची चाकांच्या, दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या सायकलीवर सुवर्ण जिंकले आणि मोठे चाक व मागचे सस्पेन्शन यांबद्दलच्या शंका बऱ्याच अंशी मिटल्या. तेव्हा साधनाने फरक पडत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. मोठे चाक दगडावरून सहज जाते. ते घ्यावेच, कारण त्याची वेगळी निगा नाही. मागच्या सस्पेन्शनचा फायदा मात्र तेल, सील आणि सांधे ताजे असतील तोवरच टिकतो. फोर्कच्या खालच्या नळ्यांची सेवा सुमारे ५० तासांनी करावी, असे निर्माते सांगतात. दर रविवारी चार तास स्वारी धरली तर ते तीन महिन्यांतच भरतात. ऑलिंपिकच्या सायकलीमागे मेकॅनिक असतो. रविवारच्या स्वारामागे सोमवारची पहिली पाळी असते.

दुसरा आक्षेप वेळेचाच आहे : पाळीवर राबणाऱ्याने उरलेला वेळ पान्यात घालवायचा की डोंगरात? हा प्रश्न खरा आहे, पण त्यात एक गफलत आहे. ज्या कामगाराच्या मशीनवर वंगणाचे वेळापत्रक टांगलेले असते आणि बिघाडाआधी भाग बदलण्याची शिस्त ज्याला रोज पाळावी लागते, त्याला ही विद्या नव्याने शिकायची नाही. आणि सगळे स्वतःच करावे असेही नाही. चाकाचा आउट काढणे, आरे ताणणे हे काम वस्तीतला जुना सायकलवाला ज्या हाताने करतो ते पुस्तक वाचून येत नाही. तेथे पैसे द्यावेत आणि घासाघीस करू नये. घरी करायचे ते एवढेच : स्वारीनंतर पुसणे, चेन मोजणे, ब्रेकचे पॅड पाहणे, चाक उचलून फिरवून आवाज ऐकणे.

हा युक्तिवाद सगळीकडे चालत नाही. निव्वळ उताराच्या शर्यतीत मागचे सस्पेन्शन, मोठी डिस्क आणि जाड टायर ही चैन नसून सुरक्षिततेची गरज आहे. तेथे ‘दुरुस्त होईल तेच घ्या’ म्हणणे बेजबाबदारपणाचे, कारण ब्रेक कमी पडला तर दुरुस्ती सायकलीची करावी लागत नाही. चाकण पट्ट्यात असे उतार मोजके आहेत. ज्याला त्यांचीच ओढ आहे त्याने दुसरी सायकल वेगळी ठेवावी आणि कामावर जायला ती काढू नये. डाउनहिलचे मऊ टायर डांबरावर पाहता पाहता झिजतात.