शिरोभागीच्या ओळी

पदव्युत्तर वृत्तपत्रविद्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशमुलाखती जवळ आल्या की मराठीचे काही विद्यार्थी हमखास भेटायला येतात. वहीत तारखा नीट लिहिलेल्या असतात : 'दर्पण', ६ जानेवारी १८३२, 'केसरी', ४ जानेवारी १८८१, 'मूकनायक', ३१ जानेवारी १९२०. तिन्ही जानेवारीतल्या, त्यामुळे पाठांतराला सोप्या.

काही वर्षांपूर्वी अशीच तयारी करून गेलेली एक विद्यार्थिनी हिरमुसली होऊन परतली. तारखांचा विषयच निघाला नव्हता. तिला विचारले गेले ते एवढेच : "मराठी साहित्य घेऊन एम. ए. केलंत, त्याचा इथे काय उपयोग?" "सर, मला वाचनाची आवड आहे, एवढंच बोलता आलं," ती म्हणाली. त्या वर्षी तिला प्रवेश मिळाला नाही. तिला शिकवणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर देणे माझ्याकडेही लागत होते.

उत्तर शोधताना मी तिच्याच वहीतल्या तीन नावांकडे वळलो. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'च्या पानावर एका स्तंभात इंग्रजी मजकूर असे, दुसऱ्यात मराठी. आपण कोणाशी बोलतो आहोत, हा पत्रकाराचा पहिला प्रश्न. जांभेकरांनी तो पानाच्या मांडणीतच सोडवला. राज्यकर्ते आणि एतद्देशीय असे दोन वाचक, म्हणून दोन भाषा.

'केसरी'च्या शिरोभागी जगन्नाथ पंडिताचा संस्कृत श्लोक असे. मदांध हत्तीला त्यात इशारा आहे : या वनात क्षणभरही थांबू नकोस, हत्ती समजून शिळा फोडणारा सिंह इथे निजला आहे. अन्योक्ती म्हणजे काय, हे आपण काव्यशास्त्राच्या तासाला शिकवतो. परकीय सत्तेला उघड धमकी देता येत नाही तेव्हा अन्योक्तीचा उपयोग काय होतो, हे मात्र या श्लोकावरून कळते. त्याच 'केसरी'तील लेखनासाठी टिळकांवर १८९७ आणि १९०८ साली राजद्रोहाचे खटले झाले, हे लक्षात घेतले की त्या आडपडद्याची किंमतही ध्यानात येते.

तिसरे नाव 'मूकनायक'. या पाक्षिकाला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. डॉ. आंबेडकर त्या वेळी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव छापले जाई. शिरोभागी तुकारामांचा अभंग होता. भीड धरून आता काय करू, मी निःशंकपणे तोंड उघडले आहे. मुक्यांचा जगात कोणी नसतो, लाजून हित साधत नाही, असा त्याचा आशय. पत्राच्या नावाचे मूळही तिथेच आहे. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते. त्याच्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या आल्या : धनुष्य हाती घे, रथावर चढ. तोंड उघडण्यापासून धनुष्य उचलण्यापर्यंतचा सात वर्षांचा प्रवास दोन संतवचनांच्या निवडीत उमटला आहे.

आणि ही निवड साधी नव्हती. ज्या परंपरेच्या नावाने माणसांना पाण्यापासून दूर ठेवले जात होते, त्याच परंपरेतले शब्द पाण्याचा हक्क मागणाऱ्यांच्या बाजूने उभे केले गेले. कोणत्या कवीला कोणत्या क्षणी साक्षीला बोलवायचे, याचा निर्णय साहित्याच्या जाणकारीशिवाय होत नाही.

माझी चूक इथे होती. तुकाराम मी एका अभ्यासपत्रिकेत शिकवत होतो, डॉ. आंबेडकरांचे गद्य दुसरीत. दोघांची गाठ एका वृत्तपत्राच्या पहिल्याच पानावर पडते, हे मात्र कधी दाखवले नव्हते. महाराष्ट्र शासनाने ही दोन्ही पत्रे पुनर्मुद्रित केली आहेत. तेव्हा ती मिळत नव्हती, असे म्हणण्याचीही सोय नाही.

दुसऱ्या वर्षीच्या मुलाखतीआधी आम्ही ती पाने समोर ठेवून बसलो. बराच वेळ वाचून झाल्यावर तिने विचारले, "सर, 'केसरी'चे अग्रलेख साध्या मराठीत, मग श्लोक संस्कृतात का? तो नेमका कोणी वाचावा अशी अपेक्षा होती?" मी माझा तर्क सांगितला, तिला तो पटला नाही. मी म्हटले, "हाच प्रश्न घेऊन जा."

मुलाखतीत पुन्हा साहित्याच्या उपयोगाबद्दल विचारले गेले. तिने 'मूकनायक'च्या अभंगापासून सुरुवात केली. या वेळी तिला प्रवेश मिळाला. तेव्हापासून तुकारामांचा पहिला तास मी 'मूकनायक'चे पहिले पान वर्गात फिरवून सुरू करतो.