तारण : वाटाणा

मुलांना जुने सिनेमे कोणत्या वयात दाखवावेत, याविषयी आमच्या शाखेत दोन पक्ष आहेत. 'दाखवूच नयेत, मुलं झोपतात,' असं कॅशवाल्यांचं मत. 'दाखवाच, मुलं झोपतात,' असं लोनवाल्यांचं. मी सेव्हिंग्जच्या काउंटरला बसत असल्यामुळे दोघांकडेही बघून मान डोलावतो. पण या वादाचा निकाल मुंबईत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच लागलेला आहे, आणि तो एका पोरानेच लावलेला आहे, हे दोन्ही पक्षांच्या गावी नाही.

गोष्ट १९१०-११ च्या सुमाराची. धुंडिराज गोविंद फाळके नावाचे एक गृहस्थ आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्राला, घेऊन गिरगावात सिनेमा बघायला गेले. फाळक्यांचं वय चाळिशीचं. छापखान्याच्या भागीदारीतून बाहेर पडलेले, म्हणजे सरळ मराठीत बेकार. त्या दिवशी पडद्यावर जनावरांचा खेळ होता. पोरगा धावत घरी आला आणि पडद्यावर जिवंत जनावरं चालतात म्हणून आईला सांगू लागला. घरात कोणाचा विश्वास बसेना. आपल्याकडे मुलांचं खरं मानायची पद्धत तेव्हाही नव्हती. तेव्हा शहानिशेसाठी फाळके दुसऱ्या दिवशी सगळ्या बिऱ्हाडाला घेऊन गेले, तर खेळ बदललेला. जनावरांच्या जागी येशू ख्रिस्ताचं चरित्र! ते बघता बघता फाळक्यांना पडद्यावर ख्रिस्ताच्या जागी राम आणि कृष्ण दिसू लागले. ही हकीगत अशी सांगतात. थोडक्यात, पोराचं म्हणणं कोणी खरं मानलं नाही, म्हणून भारतात सिनेमा आला.

पुढचा भाग बँकवाल्याने वाचताना खुर्ची घट्ट धरून वाचावा. फाळक्यांनी सिनेमे बघण्याचा असा सपाटा लावला की डोळेच गेले. डॉक्टर प्रभाकरांच्या उपचारांनी ते परत आले. ('डोळे जातील' असं पोरांना सांगणाऱ्या समस्त आयांना हा पुरावा मी विनामूल्य देतो.) डोळे आल्यावर त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणला. पण सिनेमा काढायला आणखी पैसे हवेत, आणि पैसेवाल्यांनी लावल्या वाटाण्याच्या अक्षता. तेव्हा फाळक्यांनी काय करावं? त्यांनी एक वाटाणा कुंडीत पेरला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर लावलं, तर बी फुटतंय, कोंब वर येतोय, वेल चढतोय, सगळं मिनिटभरात! ते बघून एका सावकाराने पैसे दिले. बाकीची भर सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी घातली.

आमच्या शाखेत असा अर्ज आला असता तर? 'कर्जाचं कारण : हलणारा हरिश्चंद्र. अनुभव : नाही. तारण : वाटाणा (उगवलेला).' मॅनेजरने तो अर्ज शेतकी विभागाकडे पाठवला असता, आणि आपण अजून दशावतार बघत बसलो असतो.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीचं काम करायला बाई मिळेना. हरतऱ्हेच्या बायकांनी नकार दिला. शेवटी एका हॉटेलातल्या आचाऱ्याला, अण्णा साळुंके यांना, लुगडं नेसवलं. रोहिदास झाला आपला भालचंद्र. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे, आणि रात्री फिल्म धुवायलाही त्याच. त्यांचं नाव पडद्यावर यायला हवं होतं असं आमच्या सौ.चं मत आहे, आणि स्वयंपाकाच्या बाबतीतल्या तिच्या मताशी मी वाद घालत नाही.

आता आमच्या कन्येकडे वळतो. वय वर्षं सहा. तिला मी फाळक्यांचा १९१९ सालचा 'कालियामर्दन' लावून दिला. मूकपट; मधून मधून पाट्या येतात. त्या मोठ्याने वाचायचं काम बापाचं. त्या काळी थिएटरात न शिकलेल्या प्रेक्षकांसाठी पाट्या वाचणारे असत; त्या पदावर मी बढतीशिवाय रुजू झालो. सुरुवातीलाच एका लहान मुलीचा चेहरा दिसतो. ती हसते, रुसते, घाबरते. मग तीच कृष्ण होते. ही फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, सहा-सात वर्षांची.

"बाबा, म्हणजे कृष्ण मुलगी आहे?"

"हो."

"मग मीपण होणार."

मी तिला सांगितलं नाही, पण त्या एवढ्याशा 'हो'मध्ये बराच इतिहास आहे. ज्या काळात सिनेमात काम करणं बाईमाणसाला कलंक वाटे, त्या काळात या गृहस्थाने दुसऱ्यांच्या मुली मागत हिंडण्याऐवजी आपली मुलगी कॅमेऱ्यापुढे उभी केली. सहा वर्षांपूर्वी तारामती पुरुष होता. आता कृष्ण मुलगी झाली. कन्या कालियाच्या डोहापाशी येईपर्यंत उशी घट्ट धरून बसली होती. झोपली नाही. मी लोनवाल्यांना तसं लेखी कळवलं आहे.

मात्र एक गोष्ट तिला समजावता आली नाही. 'हरिश्चंद्र' लाव म्हणाली, तर तो अख्खा उरलेलाच नाही. थोडे तुकडे आहेत. भारतात हजाराहून जास्त मूकपट झाले, त्यातले बहुतेक गेले. ती फिल्म नायट्रेटची. कापरासारखी पेटणारी, आणि नाही पेटली तर आपोआप कुजणारी. शिवाय फिल्ममध्ये चांदी असते, तेव्हा ती काढून विकायची चाल होती. कितीएक राजे-राण्या अशा तोळ्यावर गेल्या. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं. तिथल्या पी. के. नायरांनी गावोगाव हिंडून डबे गोळा केले, फाळक्यांच्या चित्रपटांचे तुकडे जुळवले. २०१६ साली ते गेले. ते नसते, तर आमच्या कन्येला कृष्ण फक्त कॅलेंडरवर भेटला असता. आणि एवढं करूनही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच आग लागून नायट्रेटच्या फिल्मचा मोठा साठा जळाला.

बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. पैसे असतात, पण मागायला कोणी येत नाही, आणि मग खातेदाराचं नावही कोणाला आठवत नाही. जुन्या सिनेमांचं तसंच आहे. कपाटात डबा सुरक्षित असणं म्हणजे नुसती शिल्लक. खातं चालू राहायला कोणीतरी व्यवहार करावा लागतो. व्यवहार फार मोठा नको. घरातलं एक पोर, एक जुना चित्रपट, आणि पाट्या वाचायला बाप. आणि पोर धावत येऊन काही सांगू लागलं, तर निदान या खेपेला त्याचं खरं मानावं.