लेण्याद्री : विहार आणि देऊळ

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीचा डोंगर मी प्रथम चढलो तो शाळेच्या सहलीत. गुरुजींनी पायऱ्या मोजायला लावल्या. २८३ भरल्या. वर अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे दर्शन झाले, प्रसाद खाल्ला, उतरलो. खोल्या मोजा, असे कोणी म्हणाले नाही.

कळत्या वयात पुन्हा गेलो तेव्हा मोजल्या. ज्याला देऊळ म्हणतात ते सातवे लेणे. दोन्ही अंगांना सात-सात, मागे सहा, वीस खोल्या. एवढे प्रशस्त दालन, पण आत एकही खांब नाही! इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत या डोंगरात लेणी खोदली गेली, त्यांतला हा भिक्खूंचा विहार. मागच्या भिंतीतला गणपती नंतरचा. शेजारचे सहावे लेणे चैत्यगृह. ते कल्याणच्या सुलसदत्ताचे दान, असा शिलालेख तिथेच आहे. तो पाहायला थांबतो कोण?

वापर बदलला याला माझा आक्षेप नाही. माणसांचा वावर संपला की लेण्यांत वटवाघळे राहतात. भाविकांसाठी दिवे लागतात, कठडे लागतात, तेही मान्य. परंतु ‘गणेश लेणी’ एवढेच म्हटले की खोदणारा, दान देणारा आणि राहणारा, तिघेही बेदखल होतात. दगड राखायचा आणि इतिहास गाळायचा, याला जतन कसे म्हणावे?

हल्ली विद्यार्थ्यांना नेतो तेव्हा मी आधी चैत्यगृह दाखवतो, मग विहार. काही मुले हात जोडतात, जोडू देतो. नंतर खोल्या मोजायला सांगतो.