पेशीच्या आतला राखणदार

श्रोतेहो, गव्हाच्या किंवा जवसाच्या पानावर पडलेला तांबेरा तुम्ही पाहिला असेलच. बोट लावलं की तांबूस पूड हाताला लागते. पण त्याच शिवारात एखादं वाण मात्र हिरवंगार उभं असतं. असं का व्हावं बरं?

अमेरिकेत नॉर्थ डाकोटा राज्यातील फार्गो येथे हॅरॉल्ड फ्लोर हे शास्त्रज्ञ या प्रश्नापायी वर्षानुवर्षे जवस पेरीत राहिले. त्यांनी जवसाच्या वाणांचे संकर केले आणि तांबेऱ्याच्या जातींचेही केले. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी निष्कर्ष मांडला, की पिकातील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला तांबेऱ्यात एक जोडीचे जनुक असते. म्हणजे राखणदार चोराला ओळखतो खरा, पण एका ठराविक खुणेवरूनच.

हा राखणदार बसतो कुठे, हे कळायला पुढे ५० वर्षे गेली. १९९४ साली तंबाखूतील आणि १९९५ साली जवसातील असे जनुक हाती लागले. त्यापासून होणारे प्रथिन पेशीच्या आतच पहारा करते. झाडाला रक्त नाही, तेव्हा ज्या त्या पेशीने आपले घर आपणच राखायचे. तांबेरा आपली प्रथिने पेशीत सोडतो. त्यांची खूण पटली, की ती पेशी स्वतः मरून जाते. तांबेरा जगतो जिवंत पेशीवर. घरच मेलं, तर तो खाणार काय? पानावर बारीक ठिपका उरतो आणि झाड वाचते.

अशाच घडणीचे राखणदार माणसाच्या पेशींतही आहेत. नॉड-२ हे त्यांपैकी एक. जिवाणूच्या भिंतीचा तुकडा पेशीत आला, की ते इशारा देते. या जनुकात बिघाड असल्यास क्रोन नावाच्या आतड्याच्या चिवट विकाराचा धोका वाढतो, असे २००१ साली दिसून आले.

मात्र चोरही वेष पालटतो, मंडळी! तांबेऱ्याची खूण बदलली, की कालचा राखणदार आज आंधळा ठरतो. म्हणूनच पैदासकार एका वाणात अनेक प्रतिकारक जनुके आणू पाहतात. आपणही साऱ्या शिवारात एकच वाण पेरून निर्धास्त झोपू नये. आणि गुरुजी, उद्या मुलांना तांबेरा पडलेलं एक पान वर्गात आणायला सांगा. हा सारा इतिहास त्या पानावरच शिकवता येईल.