गळाची विद्या : कल्याणच्या राजापासून पूर्णेच्या डोहापर्यंत

मराठीत गळ आणि जाळे जागोजागी भेटतात. कुणी गळाला लागतो, कुणी आमिषाला भुलतो, कुणी जाळ्यात सापडतो. आणि पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे तर शाळकरी पोरालाही पाठ असते. भाषेने ज्या कामाची इतकी आठवण ठेवली, त्या कामाचा इतिहास मात्र आपल्याकडे क्वचितच लिहिला जातो. मराठवाड्याचा इतिहास म्हटला की लेणी येतात, मंदिरे येतात, संत येतात, निजामी राजवट आणि मुक्तिसंग्राम येतो. नदीकाठी गळ टाकून बसलेला माणूस त्यात येत नाही.

मी परभणी जिल्ह्यातला. शाळेत शिकवण्यात हयात गेली आणि उरलेला वेळ पूर्णेच्या व गोदावरीच्या काठी. दहा-अकरा वर्षांचा असताना हातात घेतलेली वेळूची काठी सत्तरीकडे झुकलो तरी सुटलेली नाही. निवृत्तीनंतर जुने ग्रंथ वाचू लागलो, तेव्हा एका संस्कृत ग्रंथात माझ्या ओळखीचे जग भेटले. त्या ग्रंथातली विद्या आणि आमच्या नदीकाठची विद्या शेजारी ठेवून पाहावी, आणि त्यातून इतिहासाला काय विचारता येते ते तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

राजाचा विनोद

तो ग्रंथ म्हणजे ‘मानसोल्लास’ अर्थात ‘अभिलषितार्थचिंतामणि’. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सहाव्या विक्रमादित्याचा मुलगा सोमेश्वर तिसरा याने तो इ. स. ११३०च्या आसपास रचला. त्याची राजधानी कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. परभणीपासून सरळ रेषेत मोजले तर अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरेल. म्हणजे हा कुणा परक्या मुलखाचा राजा नव्हे. मराठी वाचकाला हा ग्रंथ आणखी एका कारणाने ठाऊक असतो : महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, हा उल्लेख त्यातच आहे. ओवीच्या इतिहासाची सुरुवात अभ्यासक बहुधा तिथून करतात.

ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येकाला ‘विंशति’ म्हणतात, कारण प्रत्येकात वीस अध्याय. राज्य कसे मिळवावे येथपासून अन्न, वस्त्र, वैद्यक, संगीत, हत्ती-घोडे असे शंभर विषय त्यात आले आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला आणि १९२५, १९३९ व १९६१ साली त्याचे तीन खंड निघाले. राजाच्या करमणुकींचा जो भाग आहे, त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण येते. विषय एकच : गळाने मासे धरणे.

या प्रकरणाकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष वेधले ते डॉ. सुंदरलाल होरा यांनी. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे ते संचालक, आणि माशांचे जगभर मान्यता पावलेले जाणकार. कौटिल्याचे अर्थशास्त्र, अशोकाचा पाचवा स्तंभलेख अशा जुन्या साधनांतून प्राचीन भारतीयांचे मत्स्यज्ञान शोधणारी एक लेखमाला त्यांनी लिहिली. तिच्यातला १९५१चा लेख मत्स्यविनोदावर आहे. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील निबंध १४९६ सालचा मानतात, आणि आयझॅक वॉल्टनचे गाजलेले पुस्तक १६५३चे. त्या निबंधाच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधी दख्खनमधल्या एका राजाने गळ, दोरी, काठी आणि आमिष यांवर व्यवस्थित प्रकरण लिहिले होते.

काठावर पडताळा

सोमेश्वर पस्तिसेक जातींचे मासे सांगतो. त्यांची विभागणी तो करतो ती खवले असलेले आणि नसलेले, समुद्रातले आणि नदीतले, मोठे आणि लहान अशी. मग कोणत्या माशाला काय खायला घालावे ते सांगतो : कुणाला पिठाचे, तिळाचे, भाताचे गोळे, कुणाला मांस. महत्त्वाची गोष्ट अशी की, हे खाणे गळ टाकण्याच्या आधीपासून घालायचे. माशाला एका जागेची सवय लावायची आणि मग तिथे गळ टाकायचा.

आमच्या पूर्णेवर हीच पहिली शिकवण आहे. आधी जागा, मग चारा, मग गळ. डोहाच्या ज्या कडेला झाडाची मुळे पाण्यात उतरली आहेत, किंवा वाहते पाणी जिथे खडकाआड जरा विसावते, अशी जागा हेरायची. दोन-तीन संध्याकाळी तिथे भाजलेल्या डाळीचे पीठ किंवा भाकरीचा कुस्करा टाकायचा. नवखा माणूस पहिल्याच दिवशी दहा जागा बदलतो. मुरलेला माणूस एकाच जागेवर चार दिवस देतो.

दुसरी शिकवण माशाच्या तोंडाची. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळाचे तोंड खाली, तो तळाशी चरतो. म्हणून दोरीवरचा तरंगता तुकडा (आमच्या लहानपणी तो ज्वारीच्या धाटाचा असे) कुठे बांधायचा, हे माशाच्या तोंडावरून ठरते. वाम तळाशी, दगडांच्या सांदीत. तिला गांडूळ लागते. शिंगाळ्याला खवले नाहीत, मिशा आहेत. तो गढूळ पाण्यात वासावर येतो. खवले आहेत की नाहीत, हा राजाने धरलेला भेद मला म्हणूनच पुस्तकी वाटत नाही. ज्याने मासा हातात धरला आहे, त्याच्या बोटांना पहिल्यांदा तोच भेद कळतो.

तिसरी शिकवण मरळीची. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या ‘बास’ या माशाचे जे वेड आहे, ते आपल्याकडे मरळीचे. दोघांचे कूळ वेगळे, पण स्वभाव जवळचा : पाणवनस्पतींच्या आड दबा धरायचा आणि बेडूक किंवा लहान मासा समोर आला की झडप घालायची. मरळ हवा घ्यायला पृष्ठभागावर येते. तिथे पाणी हलले की जागा कळते. पण लगेच गळ टाकायचा नाही. ती खाली जाऊन स्थिरावू द्यायची, आणि आमिष थोडे पुढे टाकून तिच्याकडे ओढत आणायचे. तिने तोंड घातल्यावरही क्षणभर थांबायचे, मग झटका द्यायचा.

चौथी शिकवण मासा न धरण्याची. मरळीची पिल्ले तांबूस-केशरी असतात आणि झुंडीने पृष्ठभागाजवळ फिरतात. खाली मोठी मरळ त्यांची राखण करत असते. तेव्हा ती समोर येईल त्यावर तुटून पडते, म्हणून धरायला सगळ्यात सोपी असते. आमच्या गावाकडचे एक म्हातारे भोई, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, पोरांना बजावत, “लेकरं संगं हायेत तवर माय-बापाला हात लावायचा न्हाई.” राखणारी मरळ गेली की झुंड दुसऱ्या माशांच्या पोटात जाते, हे त्यांनी पाहिलेले होते. बासचा नरही घरट्याची आणि पिल्लांची अशीच राखण करतो. अमेरिकेत हेन्शॉलने बासवर पहिला मोठा ग्रंथ १८८१ साली लिहिला. आणि घरट्यावर बसलेला बास धरावा की धरू नये, हा वाद तिथले गळकरी अजूनही घालतात. आबांनी तो एका वाक्यात मिटवला होता.

पाचवी शिकवण पहिल्या पावसाची. पाणी चढू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात, अंडी घालायला. हे चढणीचे मासे. ओढ्यात ते काठीनेही मारता येतात, आणि तिथेच पुढच्या वर्षीचा मासा संपतो. अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात काही मासे अवध्य ठरवले आणि चातुर्मासाच्या पौर्णिमांसारख्या ठरावीक तिथींना मासे मारायला व विकायला बंदी केली. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यावर इंग्रजांनी १८९७च्या कायद्याने बंदी घातली. नदीकाठच्या माणसाजवळ कायदा नव्हता. त्याच्याजवळ आषाढ-श्रावणाचा संकोच होता. त्यामागे धर्म किती आणि नदीची जाण किती, हे वेगळे काढता येणार नाही, पण माशाला दोन महिने मिळत होते.

ग्रंथात नसलेला माणूस

या पडताळ्यातून एक प्रश्न उभा राहतो. सोमेश्वराला हे सगळे कुणी सांगितले? शंभर विषयांवर लिहिणारा राजा रोज संध्याकाळी डोहावर पिठाचे गोळे टाकत बसला असेल, असे वाटत नाही. कोणता मासा तिळाला येतो आणि कोणता मांसाला, हे एका आयुष्यात कळणारे ज्ञान नाही. ते पिढ्यांचे असते. माझे अनुमान असे की, मत्स्यविनोदाचा मजकूर धीवरांचा आहे आणि श्लोक राजाचे. ओवीचेही तसेच झाले : कांडणारीचे गाणे ग्रंथात आले, कांडणारीचे नाव आले नाही.

याचा परिणाम माशांच्या नावांवर झाला. रोहित म्हणजे रोहू, एवढे सहज लागते. पण मनुस्मृतीत खाण्याजोग्या माशांत आलेले राजीव आणि सिंहतुंड नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मानसोल्लासातल्या कित्येक नावांचीही तीच गत. नाव लिहिले गेले. ते नाव घेऊन मासा दाखवणाऱ्या माणसाशी असलेली साखळी तुटली.

ती साखळी टिकली की काय होते, याचेही उदाहरण आपल्याकडेच आहे. मुंबई इलाख्याच्या नोकरीतला विल्यम हेन्री साइक्स १८२४ ते १८३१ या काळात दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत फिरला. भीमा, मुळा-मुठा या नद्यांतले मासे त्याने गोळा केले आणि १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. पुष्कळ माशांना त्याने शास्त्रीय नाव म्हणून इथले मराठी नावच दिले. शिंगाळ्याचे ‘सीनघाला’, शिंगटीचे ‘सीनग्टी’, मळ्याचे ‘मुल्या’, कोळशीचे ‘कोलस’, महाशीर माशांपैकी एकाचे ‘खुद्री’. जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ आज ही नावे घेतो, तेव्हा तो दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी कोळ्या-भोयांचा उच्चारच लॅटिनच्या वळणाने करत असतो. सांगणाऱ्यांची नावे इथेही नाहीत, पण त्यांचा शब्द तरी राहिला. साइक्सचे काम कंपनीच्या मुलखात चालले. परभणी निजामाच्या राज्यात होती. गोदावरीच्या या पट्ट्यातला शब्द त्याच्या वहीत आला नाही.

धरणानंतर

अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली पूर्णा जिंतूर तालुक्यातून येते आणि पूर्णा शहराच्या खाली गोदावरीला मिळते. तिच्यावरचे येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले. वर गोदावरीवर पैठणचे जायकवाडी १९७६ साली राष्ट्राला अर्पण झाले. पुढे जिल्ह्यातल्या गोदापात्रात ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे आले. शेतीला आणि गावांना पाणी मिळाले, हे खरे आणि मोठे आहे. पण चढणीच्या माशाची वाट भिंतीपाशी थांबली. वाहत्या पाण्यातला, दगडांच्या सांदीतला मासा मागे पडला आणि साचलेल्या पाण्यातला मासा पुढे आला.

दुसरा बदल दूर ओडिशात झाला होता. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना पीयूषग्रंथीचा अर्क टोचून तळ्यात प्रजनन घडवून आणले. तोवर मत्स्यबीज नदीतून गोळा करावे लागे. आता ते हवे तेवढे तयार होऊ लागले. कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज देशभरच्या जलाशयांत सोडले गेले. जलाशयांवर सहकारी संस्था उभ्या राहिल्या, भोई कुटुंबांना रोजगार मिळाला. गरिबाच्या ताटात मासा आला तो याच शोधाने. मात्र बाजारात तीन-चार नावे मोठी झाली आणि बाकीची आक्रसली. आज परभणीच्या बाजारात टोपलीतल्या लहान माशांकडे बोट दाखवून नाव विचारले, तर तरुण विक्रेता सांगतो, “सर, ही चिल्लर मच्छी.” त्या टोपलीत पाच-सहा जाती असतात. आबा त्या प्रत्येकीला वेगळ्या नावाने हाक मारत. नाव गेले की तो मासा कधी येतो, काय खातो, केव्हा धरू नये, हेही नावाबरोबर जाते; कारण ते ज्ञान नावालाच बांधलेले असते.

गंगाखेड ही जनाबाईंची भूमी म्हणून आपण ओळखतो. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यासाठी हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी काम केले, आणि त्यातून लाखाच्यावर ओव्या नोंदल्या गेल्या. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ओवीशेजारी लिहिण्याची शिस्त त्या कामाने घालून दिली. माशांच्या नावांसाठी अशाच शिस्तीचे काम हवे आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी आणि प्राणिशास्त्र विभागांनी मिळून पूर्णा, दुधना आणि गोदावरीच्या काठचे एकेक गाव घ्यावे आणि एक वही करावी. तिचे रकाने नव्याने शोधायची गरज नाही. खवले आहेत की नाहीत, मोठा की लहान, कोणत्या पाण्यातला, काय खातो : हे चार सोमेश्वराने आखून दिले आहेत. पाचवा आबांचा : केव्हा धरू नये. सहावा रकाना मात्र राजाच्या ग्रंथात नव्हता आणि साइक्सच्या वहीतही नव्हता. तो आहे सांगणाऱ्याचे नाव.

माझ्या वहीत आजवर एकोणीस नावे झाली आहेत. त्यांतली अकरा सांगणारी माणसे आता हयात नाहीत.