नळ, कर आणि मत

धोबीतलाव किंवा सी. पी. टँक येथे आज उभे राहिले तर तलाव दिसत नाही. पाणी उरले आहे ते केवळ नावात. एकेकाळी मुंबईची तहान अशाच तलाव-विहिरींवर भागत असे. धनिकाने पुण्यकर्म म्हणून तलाव बांधावा आणि आसपासच्या वस्तीने तेथे घागर भरावी, अशी ती रीत होती. पाण्याला दाता होता, दर नव्हता.

वस्ती वाढली तशी ही रीत अपुरी पडली. १८५४ साली टंचाई एवढी भीषण झाली की गुरे शहराबाहेर हलवावी लागली आणि होड्यांतून, आगगाडीतून पाणी आणावे लागले. मग १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. पुढे १८७९ मध्ये तुळशी व १८९२ मध्ये तानसा तलाव त्यास जोडले गेले. परंतु धरण आणि नळ ही एका दात्याच्या आवाक्यातील गोष्ट नव्हे. त्यासाठी कर्ज काढावे लागते, आणि कर्ज फेडण्यासाठी कर बसवावा लागतो.

कर आला, तसा प्रश्नही आला: हा पैसा खर्च होतो कोणाच्या संमतीने? म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी १८६५ पासून शहराच्या सुधारणेवर सढळ हाताने खर्च केला. त्यांच्या कारभाराविरुद्ध १८७१ साली करदाते उठले. तरुण फिरोजशहा मेहतांनी मात्र एका माणसावर खापर न फोडता करदात्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची मागणी केली. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची महापालिका निर्माण झाली. त्यांतील निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे होते.

तथापि मत मिळाले ते वर्षाला पन्नास रुपये कर भरणाऱ्यास. परळ-लालबागच्या चाळीतील गिरणी कामगार आपला वाटा घरभाड्यातून भरी. पण पावती घरमालकाच्या नावे होई आणि मतही त्याचेच. दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्यास मताधिकार मिळण्यास १९२२ साल उजाडले. प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली. नळ चाळीत लवकर पोहोचला. मत तेथे पोहोचण्यास कितीतरी अधिक काळ लागला.

या इतिहासाच्या प्रकाशात अलीकडच्या घटनेकडे पाहावे. पाणीपट्टीत दरवर्षी कमाल आठ टक्के वाढ करण्याचे धोरण महापालिकेने २०१२ मध्ये स्वीकारले. त्यानुसार जून २०२२ मध्ये ७.१२ टक्के वाढ लागू झाली. मलनिस्सारणाचा आकार पाणीपट्टीच्या प्रमाणात असल्याने त्याचाही भार वाढला. परंतु नगरसेवकांची मुदत त्याच वर्षी मार्चमध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. पुढची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे जवळजवळ चार वर्षे बिल घरोघरी येत राहिले. जाब विचारावा असा निवडलेला प्रतिनिधी सभागृहात नव्हता.

दूरवरून येणाऱ्या पाण्याला खर्च आहे आणि तो आपणच सोसावयाचा आहे, हे सुज्ञ नागरिक नाकारणार नाही. दर वाढणे हा नेहमीच अन्याय नसतो. पण न विचारता वाढणे ही आपल्या पूर्वजांनी १८७१ साली अमान्य केलेली गोष्ट आहे. पुढील बिल हाती येईल तेव्हा रकमेबरोबरच आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाचे नावही आठवावे. पन्नास रुपयांच्या अटीमुळे ज्यांना ते नाव निवडता आले नाही, त्यांचे ऋण फेडण्याचा तोच एक मार्ग आहे.