जहाजाच्या पाठीवरचं गाव

मंडळी, एखाद्या मोठ्या मालवाहू जहाजाची मागची बाजू कधी नीट पाहिली आहे का? वर जहाजाचं नाव असतं आणि त्याखाली एका गावाचं नाव. मुंबई बंदराबाहेर नांगर टाकून पडलेल्या जहाजांवर हे गाव बरेचदा पनामा, मोनरोव्हिया नाहीतर माजुरो असतं. मोनरोव्हिया ही लायबेरियाची राजधानी आणि माजुरो मार्शल बेटांची. त्या जहाजाने जन्मात त्या गावाचं तोंड पाहिलेलं नसतं, पण कायद्याच्या दृष्टीने ते जहाज तिथलं. रेशनकार्ड एका गावचं आणि बिऱ्हाड भलतीकडेच, त्यातलाच प्रकार.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला आणि १९५८ च्या जुन्या कायद्याला निरोप दिला. वर्तमानपत्रात बातमी आली ती आतल्या पानावर, चार ओळींची. आपल्या घरातली दोन पोरं बोटीवर आहेत, म्हणून मी ती वाचली, आणि मग जरा मागे मागे जात राहिलो. तर मामा-मावशी मंडळींनी आज कंटाळा न करता शेवटपर्यंत यावं ही विनंती.

जहाजांची नोंदणी हा प्रकार आपल्या खाडीला काही नवीन नाही. भाईंदरचा पूल ओलांडून लोकल पलीकडे गेली की वसई. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगिजांशी तह करून ही वसई त्यांना दिली. त्याच तहात असंही ठरलं की गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे निघणाऱ्या जहाजांनी आधी वसईला यायचं, परवाना घ्यायचा, आणि परतताना पुन्हा वसईलाच येऊन जकात भरायची. या परवान्याला म्हणत कार्ताझ. जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, माणसं, हत्यारं, माल, जायचं ठिकाण, सगळं त्यावर लिहिलेलं. आजच्या नोंदणीच्या कागदाचा खापरपणजोबाच म्हणा ना! कार्ताझ नसेल तर जहाज जप्त. आणि असला तरी भरवसा नव्हताच. १६१३ मध्ये जहांगीर बादशहाच्या आईचं 'रहीमी' नावाचं भलंमोठं जहाज पोर्तुगिजांनी कार्ताझ असतानाही पकडून नेलं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तोच धडा गिरवून आपलं दस्तक सुरू केलं, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवलं. स्वतःचा तो परवाना आणि दुसऱ्याची ती चाचेगिरी... असो.

या सगळ्या कागदांत एक प्रश्न मात्र कुणी विचारत नव्हतं. हे जहाज समुद्रात टिकेल का? कागद होता तो जहाज कुणाचं आणि पैसे कुणाला, एवढ्यासाठीच.

इंग्रजांच्या काळातही सुरुवात तशीच झाली. १८३८ चा एक कायदा खास मुंबई इलाख्यासाठी होता. किनाऱ्याने व्यापार करणारी गलबतं आणि मासेमारीच्या होड्या यांची नोंद व्हायची, आणि नंबर व गावाचं नाव होडीवर उमटवायचं. उत्तनच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या होड्यांवर आपण आज नंबर वाचतो ना, ती पद्धत निदान इतकी जुनी आहे. सुरक्षिततेचं म्हणाल तर तिकडे इंग्लंडात सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या खासदाराने वर्षानुवर्षं डोकं फोडलं, तेव्हा १८७६ मध्ये जहाजाच्या अंगावर भाररेषा रंगवणं सक्तीचं झालं. माल भरताना ती रेषा पाण्याखाली गेली की समजायचं, लोभ झाला. त्याआधी मोडकी जहाजं भरपूर विमा उतरवून वाट्टेल तशी भरायची आणि समुद्रात ढकलायची हा राजरोस धंदा होता. पोचलं तर नफा, बुडालं तर विमा. खलाशी दोन्ही हिशोबांत नाहीत.

आपल्याकडे १८८८ च्या नोव्हेंबरात 'वैतरणा' नावाची आगबोट कच्छहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. नाव आपल्या शेजारच्या नदीचं. विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेच्या आसपास माणसं गेली. पण मराठी माणसाच्या काळजात घर करून बसली ती दुसरीच बोट.

रामदास! माझ्या आजीच्या पिढीत हे नाव घेतलं की बायका पदर डोळ्याला लावायच्या. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट. मुंबईत राबणारी कोकणातली माणसं सणाला घरी चाललेली. कंपनी स्वदेशी होती, गोऱ्यांच्या बोटींशी टक्कर द्यायला निघालेली, लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. बोटींना नावं संतांची. याच कंपनीच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी बुडाल्या होत्या, हे त्या सकाळी धक्क्यावर किती जणांच्या लक्षात असेल कुणास ठाऊक. पावसाचा जोर, अमावास्येचं उधाण. काश्याच्या खडकाजवळ मोठी लाट आली, बोट कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि काही मिनिटांत सगळा खेळ आटोपला. सहाशेच्या वर माणसं गेली. रेवसकडच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकून जमतील तेवढी माणसं वर ओढली, असं तिकडे अजून सांगतात.

मला यातली सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. बोट बुडाली ती मुंबईच्या तोंडाशी, पण बंदराला कळलं काही तासांनी, कशीबशी किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, त्यातून समुद्रावरच्या जीवरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार जन्माला आला, १९२९ मध्ये तो सुधारला गेला आणि प्रवासी जहाजांना बिनतारी यंत्र सक्तीचं झालं. सक्तीचं कुणाला? एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांना. मुंबई ते रेवस हा काही परदेश प्रवास नव्हे! तिथे ज्याच्या त्याच्या सरकारने काय ते बघायचं. आणि आपलं सरकार तर त्या आठवड्यांत सत्ता हस्तांतराच्या गडबडीत. महिन्याभरात देश स्वतंत्र झाला आणि रामदास कोकणाच्या घराघरांत राहिली, देशाच्या आठवणीतून गेली.

स्वातंत्र्य आलं तरी जहाजांच्या नोंदणीला आधार ब्रिटिशांच्या १८९४ च्या कायद्याचाच होता. भारतात नोंदलेलं जहाज कायद्याच्या भाषेत 'ब्रिटिश जहाज'! वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांची सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली, तो दिवस आपण सागरी दिन म्हणून साजरा करतो. पण 'भारतीय जहाज' ही गोष्ट कायद्यात खऱ्या अर्थाने आली १९५८ मध्ये. नोंदणी, अधिकाऱ्यांची प्रमाणपत्रं, खलाशांचे करार, प्रवाशांची मर्यादा, तपासणी, बिनतारी यंत्र, भाररेषा, सगळं एका कायद्यात. मालक भारतीय, झेंडा भारतीय, आणि जहाज धड आहे का हे बघणाराही भारतीय. कार्ताझवर नसलेला तो प्रश्न अखेर कागदावर आला. ५६१ कलमांचा हा कायदा काही वाईट नव्हता, माझ्या मते तर चांगलाच होता.

पण तोवर जगातले जहाजमालक वेगळ्याच वाटेने निघाले होते. नोंदणीबरोबर जर तपासणी, कर आणि खलाशांचे हक्क येणार असतील तर नोंदणीच अशा देशात करायची जिथे यातलं कमीत कमी येईल. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं. आज जगातल्या जहाजांच्या एकूण टनभारापैकी चाळीस टक्क्यांहून जास्त या तिघांच्या झेंड्याखाली आहे. मौज म्हणजे लायबेरिया आणि मार्शल बेटांची ही दप्तरं चालवली जातात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून. म्हणजे गाव आफ्रिकेत किंवा पॅसिफिकमध्ये, कारकून अमेरिकेत, मालक ग्रीस नाहीतर चीनमध्ये, आणि डेकवर उभा मीरा रोडचा पोरगा. (न्यायाने बोलायचं तर या दप्तरांत उत्तम राखलेली जहाजंही आहेत, सगळ्यांना एका माळेत ओवू नये.)

याचा अर्थ काय हे मुंबईने लागोपाठ दोन पावसाळ्यांत पाहिलं. ७ ऑगस्ट २०१० ला बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' यांची टक्कर झाली. कंटेनर पाण्यावर तरंगू लागले, त्यांत विषारी कीटकनाशकंही होती, तेल पसरलं, बंदर काही दिवस ठप्प झालं. पुढच्या वर्षी जूनमध्ये अलंगला भंगारात निघालेलं 'विस्डम' दोर तुटून जुहूच्या वाळूत रुतलं. बघायला लोकांची जत्रा, भुट्टेवाल्यांची चांदी. ते काढतात न काढतात तोच ३१ जुलैला 'पवित' नावाचं तेलवाहू जहाज त्याच जुहूला येऊन लागलं. पनामाचा झेंडा, आत एकही माणूस नाही! महिन्याभरापूर्वी ओमानजवळ इंजिन बंद पडून पाणी शिरलं म्हणून खलाशांनी ते सोडलं होतं, ब्रिटिश नौदलाने त्यांना वाचवलं, आणि जहाज बुडालं असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ते मात्र एकटंच अरबी समुद्र ओलांडून आलं, २६/११ नंतर कडेकोट केलेल्या आपल्या किनाऱ्यावर. नंतर चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, साठ हजार टनांवर कोळसा घेऊन निघालेलं 'रॅक कॅरियर' मुंबईपासून वीसेक सागरी मैलांवर बुडालं. तेही पनामाचंच. तीस खलाशी वाचले, तेल किनाऱ्यांवर आलं.

या धक्क्यांनंतर २०१२ मध्ये नियम झाला की आपल्या बंदरात शिरणाऱ्या जहाजाकडे अपघाताची भरपाई देणारा विमा हवा. साधी गोष्ट. रिक्षाला लागते ती.

आता नव्या कायद्याबद्दल. हे विधेयक डिसेंबर २०२४ मध्येच मांडलं गेलं होतं. मंजूर होण्याआधी, २५ मे २०२५ ला, 'एमएससी एल्सा ३' हे लायबेरियाचं जहाज ६४० कंटेनरांसकट कोचीजवळ बुडालं आणि केरळच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या मण्यांचा सडा पडला. केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि उच्च न्यायालयाने त्याच कंपनीशी संबंधित दुसरं जहाज अडकवून ठेवायचा हुकूम दिला. पाठीवर गाव कुठलंही असो, जहाज आपल्या बंदरात आलं की हाती लागतं.

नव्या कायद्यात कलमं ३२५. बुडालेल्या जहाजाचा सांगाडा काढायची जबाबदारी मालकावर टाकली आहे. भंगारात निघालेल्या जहाजाला तात्पुरत्या नोंदणीची सोय आहे, म्हणजे 'विस्डम'सारखा शेवटचा प्रवास निदान कुणाच्या तरी झेंड्याखाली होईल. लहानमोठं, इंजिनाचं, बिनइंजिनाचं, सगळ्याच जलयानांना नोंदणीच्या कक्षेत घ्यायचं ठरवलं आहे. परदेशी झेंड्याखाली काम करणाऱ्या भारतीय खलाशांनाही कल्याणाच्या तरतुदींत आणलं आहे, आणि सरकारच्याच म्हणण्यानुसार आपले ८५ टक्के खलाशी तसेच आहेत. हे सगळं मला आवडलं.

एक गोष्ट खटकली. मालकीची अट सैल केली आहे, किती हिस्सा भारतीय असायला हवा हे सरकार नियमांनी ठरवणार. उद्देश सरळ आहे, जहाजांनी आपल्या दप्तरात यावं. पण गिऱ्हाईक खेचायच्या नादात आपणही व्हर्जिनियातल्या कारकुनासारखे होऊ नये, एवढंच माझं म्हणणं. नोंदणी वाढली तर तपासणी करणारे सर्व्हेयरही त्या प्रमाणात वाढायला हवेत.

कारण बळी कोण, हे आकडे सांगतात. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार संघटनेच्या हिशोबाने २०२४ मध्ये ३१२ जहाजांवर ३,१३३ खलाशांना मालकांनी वाऱ्यावर सोडलं. त्यांत सर्वांत जास्त भारतीय, ८९९. पगार नाही, डिझेल नाही, कधी प्यायचं पाणीही नाही, आणि जहाज सोडून उतरताही येत नाही.

माझा भाचा मागच्या खेपेला अशाच एका बेतात होता. तीन महिने पगार थकलेला, फोन केला की म्हणायचा, "मामा, आईला सांगू नकोस." नशिबाने शेवटी पैसे मिळाले आणि तो घरी आला. आता पुन्हा कागद आलाय. यावेळी आम्ही दोघांनी बसून तपासलं. भरती करणाऱ्या एजंटाकडे सरकारी परवाना आहे का, हे जहाजबांधणी नव्हे तर जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या यादीत दिसतं. (भाच्याने दोन्हींतला फरक मला तीनदा समजावला.) जहाजाचा आयएमओ नंबर घ्यायचा, नाव आणि झेंडा बदलला तरी तो जन्मभर तोच राहतो. आणि जानेवारी २०१७ पासून जहाजावर एक प्रमाणपत्र लावलेलं असावं लागतं, मालकाने हात वर केले तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतायचा खर्च विमा कंपनी देईल असं सांगणारं. दोन महिने पगार नाही आला की दावा लावता येतो, तीन महिने वाट बघत बसायचं कारण नाही. जहाजावर चढल्या चढल्या त्या कागदाचा फोटो काढून मला पाठव, असं त्याला सांगून ठेवलंय. घरातल्या दुसऱ्या पोराच्या आईवडिलांनीही ते आजच सांगावं, त्याचं जहाज पुढच्या आठवड्यात सिंगापूरहून सुटतंय.